अर्ज पाच महिने, नोटीस पाच तास

निशिगंध (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. विद्यापीठात मी ३१ वर्षं नोकरी केली. लिपिक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. विद्यापीठ सरकारी, महाराष्ट्रातलंच. नाव लिहीत नाही.

कॅम्पसवर कुणी काय बोलावं आणि कुणाचा अपमान होऊ नये, यावर सध्या सगळीकडे वाद चालू आहे. बहुतेक ठिकाणी मांडणी एकच असते: बोलायला मोकळीक दिली की दुबळ्यांचा अपमान होतो, आणि अपमान रोखायला गेलं की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात. दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली. माझ्या टेबलावरून मला हे असं कधीच दिसलं नाही. काय दिसलं ते सांगते.

२०१४ ची गोष्ट. मुलींच्या वसतिगृहातल्या एका एम.ए.च्या मुलीचा अर्ज आला. खोलीतल्या दोघींनी तिला सांगितलं होतं की तुझा तांब्या आणि ताट आमच्या फळीवर ठेवू नकोस. अधीक्षकांकडे गेली तर त्या म्हणाल्या, सांभाळून घे, वर्षाचाच प्रश्न आहे. मग तिनं कुलसचिवांच्या नावे दीड पानी अर्ज लिहिला. अक्षर सुंदर होतं. मी आवक नोंदवहीत नोंद केली आणि अर्ज निघाला. विद्यार्थी कल्याण विभागाकडे. तिथून विधी कक्षाकडे, अभिप्रायासाठी. विधी कक्षानं लिहिलं, वसतिगृह अधीक्षकांचा खुलासा मागवावा. खुलासा आला, 'सदर प्रकार विद्यार्थिनींमधील वैयक्तिक स्वरूपाचा आहे.' नस्ती, म्हणजे फाइल, परत कल्याण विभागाकडे. मग परीक्षा, मग दिवाळी, मग अधिकारी बदलले. पाच महिने.

पाचव्या महिन्यात तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी ग्रंथालयाच्या भिंतीवर हातानं लिहिलेलं भित्तिपत्रक लावलं. त्यात ताटाची गोष्ट होती आणि आपल्या अर्जाचा आवक क्रमांक होता. नाव कुणाचंही नव्हतं. सकाळी अकराच्या सुमारास त्याचा फोटो कुलसचिवांच्या टेबलावर आला. दुपारी चारला चौघींच्या नावे कारणे दाखवा नोटीस सही होऊन खाली आली. 'विनापरवानगी फलक लावून विद्यापीठाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल.' त्या नस्तीवर 'तात्काळ'ची पताका मी माझ्या हातानं लावली. अर्जाच्या नस्तीवर पाच महिन्यांत कुणीच लावली नव्हती. मीही नाही, आणि ती लावायला मला कुणी अडवलं नव्हतं.

म्हणून तराजू मला पटत नाही. ताटाबद्दल बोलणारी मुलगी आणि बोलल्याबद्दल नोटीस मिळालेली मुलगी एकच होती. भेदभाव आणि मुस्कटदाबी तिच्या बाबतीत एकाच कार्यालयातून आले, एकाच शिक्क्यानं.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाचं प्रकरण आठवा. तिथला पीएचडीचा विद्यार्थी रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांवर कारवाई झाली ती आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन या त्यांच्या संघटनेच्या राजकीय भांडणातून. वसतिगृहातून काढलं, प्रशासकीय इमारतीत आणि सामायिक जागांत वावरायला बंदी. त्याची शिष्यवृत्ती कित्येक महिने थकली होती. ती मुलं उघड्यावर तंबू टाकून राहिली आणि त्या जागेला त्यांनी 'वेलिवाडा' म्हटलं, म्हणजे गावाबाहेरचा वाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. हे प्रकरण अभिव्यक्तीच्या रकान्यात लिहायचं की भेदभावाच्या? मला तरी एका रकान्यात बसवता येत नाही.

तुम्ही शिकलात, शिकवलंत किंवा नोकरी केलीत तिथे काय पाहिलंत, ते लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा, मला ते हवंच आहे.

हेमाडपंती (शनिवार, रात्री १०:१५)

'सदर प्रकार वैयक्तिक स्वरूपाचा आहे' हे वाक्य मी आमच्या कॉलेजच्या तक्रार निवारण समितीत शब्दशः ऐकलंय. दोनदा.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ११:०२)

निशिगंध ताई, तांब्या-ताटाचा प्रकार वाईटच, त्यावर दुमत नाही. पण हल्ली प्रत्येक गोष्टीला भेदभाव म्हणायची सवय लागली आहे, तिथे मला थांबावंसं वाटतं. आयआयटी मुंबईतलं टेबलांचं प्रकरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये १२, १३ आणि १४ या वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारींसाठी ठेवली. सगळ्या टेबलांतली फक्त सहा. आमच्या घरी तीन पिढ्या माळ आहे. मी स्वतः वसतिगृहात चार वर्षं काढली आणि शेजारच्या ताटातल्या मासळीच्या वासानं कितीदा जेवण टाकून उठलो ते मला माहीत. सहा टेबलं मागितली म्हणून मी जातीयवादी होतो का?

विरोध करणाऱ्यांनी त्या टेबलांवर बसून मुद्दाम मांसाहार केला. विरोध करायचा तर निवेदन द्या, सभा घ्या. दुसऱ्याच्या ताटाशेजारी जाऊन त्याला डिवचणं ही अभिव्यक्ती आहे, असं मला वाटत नाही.

दगडफूल (शनिवार, रात्री ११:४८)

कृष्णाकाठ काका, माझी आजीसुद्धा माळकरी होती. पंढरीची वारी चुकवली नाही. घरात मटण शिजायचं तेव्हा ती परसात वेगळी चूल मांडून पिठलं करायची. पण आमच्यातल्या कुणालाही ताट घेऊन उठ असं ती कधी म्हणाली नाही. स्वतः थोडी सरकून बसायची. स्वतः सरकणं आणि दुसऱ्याला सरकवणं यात फरक आहे, एवढंच मला सांगायचंय.

त्या टेबलांच्या आधीची गोष्ट तुम्ही गाळलीत. त्याच वर्षी जुलैत १२ नंबरच्या वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये 'इथे फक्त शाकाहारींनीच बसायचं' अशा अर्थाचे कागद लागले होते. असं कुठलंही धोरण नाही, असं तेव्हा विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं. दोन-तीन महिन्यांत तेच धोरण झालं. आणि त्याविरुद्ध जेवायला बसण्याची किंमत किती, तर दहा हजार रुपये दंड. आमच्या घरी बाबांचा महिन्याचा पगार त्याहून थोडाच जास्त आहे.

मी एका सरकारी विद्यापीठात शिकतो. माझ्याकडे टेबलाची गोष्ट नाही, यादीची आहे. पहिल्या वर्षाला शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे होते. सर वर्गात आले आणि म्हणाले, "फ्रीशिपवाले आणि स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही उभे राहिलो. मग त्यांनी यादी वाचली, नाव आणि पुढे प्रवर्ग. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना काम उरकायचं होतं. पण त्या दिवसापर्यंत माझ्याशेजारी बसणारा मुलगा त्यानंतर मला कॅप राऊंडबद्दल, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांबद्दल, विचारायला लागला. कितवा नंबर होता, कुठल्या जागेवर मिळालं, तुला किती मार्कांवर थांबले, मला किती लागले असते. रोज. हसत हसत. माझं पर्सेंटाइल त्याच्यापेक्षा जास्त होतं हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण मी का सांगू?

ॲड_मंजिरी (रविवार, सकाळी ८:२०)

दगडफूल, तुझ्या सरांनी जे केलं त्यावर नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेबाबतचे २०१२ चे विनियम. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणं, त्याच्यावर 'राखीव' असा शिक्का मारणं, वसतिगृहात, खानावळीत, वाचनालयात वेगळं वागवणं, हे सगळं त्यात भेदभाव म्हणून लिहिलेलं आहे. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, आणि तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागायला हवा. निशिगंध ताईंच्या २०१४ च्या अर्जाला हे विनियम लागू होते. पाच महिने म्हणजे मुदतीच्या अडीच पट.

लोक मला विचारतात, ॲट्रॉसिटीचा कायदा असताना हे विनियम कशाला? कारण १९८९ च्या त्या कायद्यात अपमानाचा गुन्हा व्हायला तो लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही. वसतिगृहाची खोली म्हणजे नेमक्या चार भिंती. ताट फळीवरून खाली ठेवायला लावलं तर पोलिसांकडे फारसं काही हाती लागणार नाही. संस्थेचा नियम हाच तिथे आधार असतो, आणि त्याचाच कागद पाच महिने फिरतो.

या विनियमांची अंमलबजावणी होत नाही म्हणून २०१९ मध्ये दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी. आबेदाताई आपल्या जळगावकडच्या. त्यांची मुलगी डॉ. पायल तडवी मुंबईत महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती, २२ मे २०१९ ला ती गेली. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाबद्दल घरच्यांनी आधी तोंडी सांगून पाहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या याचिकेतूनच पुढे नवे विनियम आले. १३ जानेवारी २०२६ ला अधिसूचना निघाली, देशभर निदर्शनं झाली, आणि २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. भाषा संदिग्ध आहे, गैरवापर होऊ शकतो, तोवर २०१२ चेच विनियम चालतील, असं न्यायालय म्हणालं.

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी ९:०५)

दगडफूल, सरकण्याचा मुद्दा मनाला लागला. मी विचार करतोय. तुझ्या वर्गात जे झालं ते व्हायला नको होतं.

पण ॲड. मंजिरी, स्थगितीचं कारण तुम्ही एका ओळीत उरकलंत. नव्या विनियमांत जातीय भेदभावाची व्याख्या फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांविरुद्धचा भेदभाव अशी होती. आणि मसुद्यात खोट्या तक्रारीला दंडाची तरतूद होती, ती अंतिम नियमांतून काढून टाकली. माझा पुतण्या सध्या पुण्यात शिकतोय. त्यानं वर्गात आरक्षणाच्या धोरणावर वेगळं मत मांडलं तर ती चर्चा की भेदभाव? हे कोण ठरवणार? मुलं वर्गात बोलायचीच बंद होतील, ही भीती मला खोटी वाटत नाही.

सातासमुद्रा (रविवार, सकाळी ९:५०, इथे शनिवारची रात्र)

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथल्या एका सरकारी विद्यापीठात मी काम करते. कृष्णाकाठ यांचा प्रश्न इथे न्यायालयात जाऊन आला आहे, म्हणून थोडं सांगते.

अमेरिकेत सरकारी विद्यापीठ म्हणजे सरकारच. त्यामुळे बोलण्याचं स्वातंत्र्य जपणारी पहिली घटनादुरुस्ती तिथे थेट लागू होते, खाजगी विद्यापीठाला तशी लागू होत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी मिशिगन विद्यापीठात वर्णद्वेषी पत्रकं वाटली गेली, विद्यापीठाच्या रेडिओवर वर्णद्वेषी विनोद झाले. विद्यापीठानं घाईनं नियम केला की वंश, लिंग, धर्म यांवरून कुणालाही कमी लेखणारं बोलणं दंडनीय. एका पदव्युत्तर विद्यार्थ्यानं नाव गुप्त ठेवून दावा लावला: माझा विषय जीवमानसशास्त्र, त्यात स्त्री-पुरुषांमधल्या जैविक फरकांचे सिद्धांत शिकवावे लागतात, ते मी वर्गात मांडायचे की नाही? १९८९ मध्ये न्यायालयानं नियम रद्द केला. कारण हेच, संदिग्ध आणि फार पसरट.

पण म्हणून छळाला मोकळीक मिळाली असं नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली विद्यापीठाची जबाबदारी तशीच राहिली. वर्गात मत मांडणं एक, आणि एका माणसाला गाठून, रोज, त्याला शिकणं अशक्य होईपर्यंत बोलणं वेगळं. दगडफूलच्या शेजाऱ्यानं आरक्षणावर निबंध लिहिला असता तर ते मत. रोज त्याला 'किती मार्कांवर थांबले' विचारणं हे मत नाही. नियम लिहिताना ही रेघ ओढता येते. कष्टाचं काम आहे, पण येते.

आपल्या जातीही इथे आल्या आहेत बरं का. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ च्या जानेवारीत भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. त्यावर दोन भारतीय वंशाच्या प्राध्यापकांनी त्याच वर्षी दावा लावला. राज्य विधिमंडळानं जातीभेदाविरुद्ध विधेयक मंजूर केलं होतं, ते राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवलं. आमच्या महाराष्ट्र मंडळात त्या महिन्यात या विषयावर एकमेकांशी बोलणं बंद केलेली घरं मी पाहिली. आडनाव विचारून मग जेवायला बोलावणारीही पाहिली.

रुद्रवीणा (रविवार, दुपारी १२:३०)

मला दुसरी बाजू मांडायची आहे, राग मानू नये. २ फेब्रुवारी २०२४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जे नाटक झालं, त्याबद्दल. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गप्पा, असा विषय होता म्हणे. सीतेची भूमिका करणारा नट शिव्या देतो, सिगारेट ओढतो. ज्यांच्या घरात रोज रामरक्षा म्हटली जाते त्यांना हे बघून काय वाटत असेल, याचा विचार करणारं कुणीच नाही का? अपमान फक्त एकाच बाजूचा मोजायचा का? दगडफूलला जे वाटलं ते खरं, मग मला वाटलं ते खोटं कसं?

ॲड_मंजिरी (रविवार, दुपारी १:४५)

रुद्रवीणा, तुम्हाला वाटलं ते खोटं नाही. फरक सांगते तो कायद्यातला आहे.

घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची आठ कारणं दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. भावना दुखावणं हे त्यात स्वतंत्र कारण नाही. पुण्यात दंडसंहितेच्या ज्या २९५-अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या, कलमाखाली गुन्हा नोंदवला, ते सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये वैध ठरवलं, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि हेतू जाणूनबुजून व द्वेषबुद्धीचा असला तरच. विद्यार्थ्यांचं परीक्षेचं नाटक, विभागाच्या आवारात. प्रयोग मध्येच बंद पाडला गेला आणि विभागप्रमुख व पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला.

दगडफूलला वर्गात उभं केलं तेव्हा त्याला निघून जायची सोय नव्हती. तो तिथे शिकायला आला होता आणि उभं करणारा त्याचे गुण देणार होता. प्रेक्षक उठून जाऊ शकतो. दुःख दोघांचंही खरं, कोंडी एकाचीच.

रुद्रवीणा (रविवार, दुपारी २:१०)

उठून जाऊ शकतो हे मान्य. अटक व्हायला नको होती, हेही मान्य करते. मुलांचं वय काय ते. पण मला जे वाटलं ते लिहायची जागा विद्यापीठात कुठे आहे, हे कुणीतरी सांगा. मी तिथली माजी विद्यार्थिनी आहे.

निशिगंध (रविवार, दुपारी ४:००)

रुद्रवीणा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला हवं, कारण ती जागा म्हणजे माझं टेबल.

तुम्ही अर्ज लिहायचा. त्याला आवक क्रमांक मिळायला हवा. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तो दाखवून त्यांचं म्हणणं घ्यायला हवं. विभागानं चर्चा ठेवली तर तुम्हाला बोलवायला हवं, व्यासपीठावर खुर्ची द्यायला हवी. आणि हे सगळं त्या ताटवाल्या मुलीच्या अर्जाला जो वेग मिळायला हवा होता त्याच वेगानं व्हायला हवं. कमी नाही आणि जास्तही नाही. माझं एवढंच मागणं आहे. प्रत्यक्षात काय होतं? जो गट फाटकावर शंभर माणसं उभी करू शकतो त्याच्या अर्जाला आवक क्रमांकाचीही गरज पडत नाही. फोन येतो. मी ते फोन घेतले आहेत.

आयआयटी मुंबईतल्या २०२४ च्या, रामायणावर बेतलेल्या नाटकाचं पाहा. ३१ मार्चला प्रयोग झाला, जूनमध्ये काही विद्यार्थ्यांना एक लाख वीस हजार रुपये दंड, काहींना चाळीस हजार. दोन-अडीच महिन्यांत तक्रार, समिती, बैठक, निर्णय, रक्कम, सगळं झालं. म्हणजे संस्थांना वेगानं काम करता येतं. त्याच संस्थेनं २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना एक चांगलं पत्रकही दिलं होतं: कुणाला प्रवेश परीक्षेची रँक किंवा जात उघड होईल असं काही विचारू नका, जातीवाचक विनोद पाठवू नका. कॅम्पसवर एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतर काही महिन्यांनी ते आलं. मला ते पत्रक आवडलं. पण ते मोडणाऱ्याला किती दंड, हे त्यात आकड्यात असतं तर नाटकाशेजारी ठेवून पाहता आलं असतं.

अजिंठ्याचा_वारा (रविवार, संध्याकाळी ६:३०)

मी सत्तरीतला माणूस. हे मी घरीसुद्धा फार कमी वेळा बोललो आहे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर मराठ्याचं, चाळीस एकर कोरडवाहू. नामांतराविरुद्ध विद्यार्थ्यांचा जो मोर्चा निघाला त्यात मी होतो. आम्हाला वाटायचं, आम्ही आमचं मत मांडतोय. मराठवाड्याची अस्मिता, निजामाविरुद्धचा लढा, आमच्या भूमीचं नाव. नावाला विरोध करायचा आम्हाला हक्क होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या मोर्चात पुढच्या रांगेत ज्या घोषणा चालल्या होत्या त्या नावाबद्दल नव्हत्या. माणसांबद्दल होत्या. कुणाला कुठे पाठवायचं, कुणाची पायरी कुठली. मी त्या घोषणा दिल्या नाहीत. तिथून निघूनही आलो नाही.

मग गावोगाव वस्त्या पेटल्या. माझ्या खोलीवर राहणाऱ्या मित्राचं घर परभणीकडच्या एका खेड्यात होतं. ते जळलं. तो परत आला तो वही-पुस्तकं न्यायला. मी त्याला चहा विचारला. त्यानं मान हलवली आणि ट्रंक उचलली. पुढे कधी भेटला नाही.

नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. मी दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकावर जातो. लोक माथा टेकतात, गर्दी असते, पुस्तकांची दुकानं लागतात. मी एका बाजूला उभा राहतो. मित्र दिसतो का बघतो.

सातासमुद्रा बाई म्हणाल्या ती रेघ मला माहीत आहे. मोर्चात चालताना ती पायाखालून गेली, मला कळलं होतं.

दगडफूल (रविवार, संध्याकाळी ७:०५)

काका, हे लिहिलंत त्याबद्दल काय बोलावं कळत नाही. माझे आजोबा नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात होते. १४ जानेवारीला मीही फाटकावर असतो. पुस्तकांच्या दुकानांजवळ. पुढच्या वर्षी भेटू.

हेमाडपंती (रविवार, रात्री ८:१५)

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४ पासून बंद आहेत. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकांची तरतूद आली, पण त्या पुढेच ढकलल्या जात राहिल्या. विद्यार्थ्यानं निवडून दिलेला कुणी समितीत बसलेला नसेल तर निशिगंध ताईंच्या टेबलावरची नस्ती ढकलणार कोण?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री ८:४०)

वारा साहेब, नमस्कार करतो तुम्हाला.

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. नियमाची भाषा नेमकी हवी, आरोप झालेल्यालाही बाजू मांडायला मिळायला हवी, यावर मी ठाम आहे. पण दहा हजारांचा दंड चूक होता. टेबलावर जेवल्याबद्दल दंड. आणि सहा टेबलांबद्दल मी पुतण्याशी बोललो. तो म्हणाला, काका, मी कुठेही बसतो, मला वास येत नाही. त्याच्या गळ्यातही माळ आहे.

ॲड_मंजिरी (रविवार, रात्री ९:२०)

आरोप झालेल्याला बाजू मांडायला मिळायला हवी, हा कृष्णाकाठ यांचा मुद्दा बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही लागू होतो, हे विसरू नये. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनं समाजमाध्यमावर एक पोस्ट पुढे पाठवली, दोन तासांत काढून माफीही मागितली. तिला अटक झाली. महाविद्यालयानं तिचं म्हणणं न ऐकताच काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला, निष्कासनाला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. न्यायमूर्ती त्या दिवशी राज्य सरकारवर आणि महाविद्यालयावर फार संतापले होते.

सगळीच प्रकरणं अशी सुटत नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. संस्थेचं नाव असलेल्या फलकाखाली दिल्लीतल्या मोर्चात भाग घेतला, हा त्यातला एक आरोप. उच्च न्यायालयानं निलंबन कायम ठेवलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भोगलेला काळ पुरेसा मानून त्याला पीएचडी पूर्ण करायला परत पाठवलं. कारवाई चुकीची होती, असं न्यायालय म्हणालं नाही. वर्ष गेलं ते गेलंच.

दगडफूल (रविवार, रात्री १०:१०)

निशिगंध ताई, एक विचारायचं होतं. आमच्याकडे यंदा पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात यादी वाचली. प्रवर्गासकट, आणि मग तीच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दोन मुली माझ्याकडे रडत आल्या. आम्ही भित्तिपत्रक लावणार होतो. तुमचं वाचून थांबलो. आधी अर्ज करायचा का? समान संधी कक्ष कुठे आहे हे विचारलं तर ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

निशिगंध (रविवार, रात्री १०:५०)

बाळा, थांबू नकोस. दोन्ही करा. अर्ज कराच, पण माझी गोष्ट वाचून कागद भिंतीवर लावायचा राहिला असं होऊ देऊ नकोस.

अर्ज भेदभावविरोधी अधिकाऱ्यांच्या नावे लिही. त्यांचं नाव माहीत नसेल तर 'मार्फत, मा. कुलसचिव' असं लिही. वर विषयात '२०१२ च्या समता विनियमांनुसार तक्रार' हे शब्द हवेतच, नाहीतर तो कल्याण विभागात जाऊन पडेल. त्या मुलींची नावं त्यांनी हो म्हटलं तरच. व्हॉट्सॲपच्या यादीचा फोटो जोड, पण प्रवर्गाचा रकाना काळा करून. नाहीतर तीच यादी आपण पुन्हा फिरवली असं होईल. दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.

खिडकीवर कुणी म्हणेल, ठेवून जा, नंतर नोंद करतो. तू उभा राहा. नोंदवहीत तुझ्यासमोर आकडा चढू दे, मग तोच आकडा तुझ्या प्रतीवर. आणि शिक्क्याखाली तारीख पेनानं लिहून घे. रबरी शिक्क्यातला तारखेचा चक्का जुना झाला की आकडा उमटत नाही, आणि ६० दिवस कुठून मोजायचे यावरच पहिले तीन महिने भांडण होतं.